मोबाईलमधले सहा अंक

दीपमालाची गार्गी बोलताना अडखळायची, पण चित्रकथा वाचताना मात्र घडाघडा वाचायची. गावात चित्रकथांचे छापील अंक मिळेनात, म्हणून दीपमालानं सहा अंक मोबाईलवर घेतले, तेही छापील अंकाच्याच भावात. आता पोरीचे डोळे चुरचुरायला लागले आणि हिच्या जिवाला घोर लागला.

बार्शीच्या पुस्तक प्रदर्शनात त्या अंकांचे प्रकाशक टिपणीस स्वतः बसले होते. गार्गीला घेऊन आलेल्या दीपमालानं विचारलं, "साहेब, मोबाईलवर ना कागद, ना छपाई. मग भाव तोच कसा?"

"बाई, शिकलात किती?" टिपणीस हसले. "मोबाईलवरचाही अंकच असतो. छापील अंकापेक्षा तसूभर कमी नाही!"

भोवतालचे लोकही हसले. दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सातवी शिकलेय. गार्गे, साहेबांच्या टेबलावरची ती पाटी वाच गं मोठ्यानं."

गार्गीनं न अडखळता वाचलं, "जुना अंक द्या, नवा निम्म्या किमतीत न्या."

दीपमालानं मोबाईल पुढं केला. "हे घ्या सहा जुने. सहा नवे काढा."

"अहो, हे काय अंक आहेत? यात मी परत काय घेऊ?"

"मग विकताना काय विकलंत?"

लोक आता टिपणिसांकडे बघून हसत होते. त्यांनी मुकाट्यानं सहा छापील अंक काढले, निम्म्या किमतीत.