येसाईने अडवलेली फुंकर

फार वर्षांपूर्वी, माझी पणजी रांगतही नव्हती तेव्हा, खडकाळे गावात येसाई नावाची सुईण होती. गाव पाथरवटांचं. दिवसभर छपराखाली दगडावर टाकीचे घाव चालायचे आणि पंचक्रोशीतली दळायची जाती इथेच घडायची. येसाईचा कान भलता तिखट. ओढ्यापलीकडे कुणा बाळंतिणीचा श्वास अडला तरी तिला घरबसल्या कळायचं, असं म्हणतात. मी नाही हो, गाव म्हणतं.

त्या गावात एक रीत होती. नवं जातं घडलं की घडवणाऱ्याने त्याच्या तोंडाला तोंड लावून जोरात फुंकर मारायची. याला म्हणत जात्याला जीव देणं. फुंकरीने आतली भुकटी उसळायची आणि तो बिचारा पुढचा श्वास तिच्यातूनच ओढायचा. मग खोकल्याची उबळ यायची. खोकला आला की सगळे खूश, जीव लागला म्हणे! तिशी उलटली की पाथरवट धापा टाकायचा आणि केस पिकायच्या आत जायचा. लोक म्हणायचे, देवीचा कोप. काय बोलावं आता अशा शहाण्यांना!

येसाईचा नवरा तसाच गेला होता. आता एकुलता एक लेक कुशाबा खोकायला लागला. तिने त्याच्या पाठीला कान लावला, तर आत कुणी रिकामं जातं ओढतंय असा आवाज. त्यात त्या साली देवीच्या जत्रेसाठीचं मोठं जातं कुशाबानेच घडवलेलं. त्याला जीव देताना आपल्या लेकाचा जीव जाणार, हे तिला कळून चुकलं.

जत्रेसाठी दोन बोकड कापले होते. एक डोंगरावर चरणारा, दुसरा कायम पाथरवटांच्या छपरात बांधलेला. येसाईने दोघांची फुप्पुसं नळीसकट मागून घेतली आणि सगळ्यांसमोर नळीत फुंकलं. डोंगरावरच्याचं फुप्पुस टम्म फुगलं. छपरातल्याचं जागचं हललं नाही. त्यावर सुरी फिरवली तर करकर वाजली.

तुमच्या छातीतही हेच आहे, असं तिने सांगितलं. नाकातले केस जाडी धूळ अडवतात, पिठासारखी बारीक भुकटी निसटते. ती नळीतून उतरते. नळीला फांद्या फुटत जातात आणि टोकाला फेसासारखे इवले फुगे असतात, तिथे हवा रक्ताला मिळते. भुकटी तिथे जाऊन बसली की फुगा घट्ट होतो आणि परत फुगत नाही.

सुभानबा म्हणून पाथरवटांचा नाईक होता. त्याला ते दिसलं, पण पटेना. फुंकर नाही मारली तर पीठ मेलेलं निघेल, असं त्याचं म्हणणं.

"दळणारी बाई जात्यावर गाते ना, तोच त्याचा श्वास," येसाई म्हणाली. "माझ्या लेकाचा कशाला घेता?"

तिने घागरभर पाणी जात्याच्या तोंडात ओतलं. भुकटी जागीच बसली. मग तिने ओवी धरली, आणि कुणी हात न लावता ते जातं फिरलं, असं म्हणतात. मी चुलतीला विचारलं होतं, खरंच फिरलं का गं? ती म्हणाली, तू होतास का तिथे?

येसाईने कुशाबाच्या हातातून हातोडा काढून घेतला. तो रडला.

"हातोडा गेला तर मी कोण?"

"माझा लेक."

आत बसलेली भुकटी काही निघाली नाही. कुशाबा सावकाश चालायचा, चढ आला की थांबायचा. पण शेवटी आईला खांदा त्यानेच दिला. तिचं देवाकडे तेवढंच मागणं होतं.

आजही खडकाळ्यात पाणी शिंपडल्याशिवाय दगडावर टाकी पडत नाही. येसाईच्या दिवशी सगळे पाथरवट हातोडे खांद्यावर टाकून टेकडी चढतात. ज्याला वाटेत धाप लागून बसावं लागतं, त्याचा हातोडा घरची बाई काढून घेते आणि गाव त्याला दुसरं काम देतं.

गेल्या साली माझा पुतण्या निम्म्यावर बसला. शहरात मशीनवर कोरडी फरशी कापायचा तो. त्याची आई, माझी वहिनी, वरून खाली आली आणि तिने हात पुढे केला. त्याने हातोडा देऊन टाकला, आणि ती त्याच्या शेजारी बसून राहिली, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत.