टोपली ओळखणारं यंत्र

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक हुशार कारागीर मुलगी राहत होती. पावसाळ्यात तिथल्या रानात अळंबी उगवत. काही गोड, काही विषारी. ओळखण्यात गफलत झाली की माणसं अंथरूण धरत. म्हणून मुलीनं अळंबी पारखणारं लाकडी यंत्र बनवलं.

त्या यंत्राला नियम सांगून उपयोग नव्हता. नमुने बघूनच ते शिके. मुलगी टोपलीतली अळंबी दाखवून म्हणे, "ही चांगली." पळसाच्या पानावरची दाखवून म्हणे, "ही विषारी." हळूहळू यंत्र अचूक बोलू लागलं. गाव हरखून गेलं.

पाटील म्हणाले, "पोरी, उद्याच्या गावजेवणाची अळंबी तुझं यंत्रच निवडेल!"

मुलगी खुशीत घरी आली. पण मनात आलं, आपण याला शिकवलेलेच नमुने पुन्हा विचारत आलो. नवीन काही विचारलंच नाही. ती रानात जाऊन ताजी विषारी अळंबी घेऊन आली. पळसाचं पान हाताशी नव्हतं, म्हणून टोपलीतच ठेवली.

यंत्र म्हणालं, "ही चांगली."

मुलीनं धावत जाऊन पळसाचं पान तोडून आणलं. तिनं चांगली अळंबी पानावर ठेवून पाहिली. यंत्र म्हणालं, "ही विषारी." ते अळंबी ओळखायला शिकलंच नव्हतं, ते टोपली ओळखत होतं!

गप्प राहिली असती तर उद्या गावानं तिचा सत्कार केला असता. पण तिनं तडक पाटलांकडे जाऊन सगळं सांगितलं.

"अगं, आता लोकांना काय सांगू?" पाटील कपाळाला हात लावून म्हणाले.

"सांगा, यंत्र अजून शिकतंय. आणि चूक त्याची नाही, माझ्या शिकवण्याची आहे."

गावजेवणाला पिठलं-भाकरी झाली. लोक थोडे हिरमुसले, पण पोटभर जेवले. मग सगळं गाव मदतीला धावलं. कुणी सुपात, कुणी पदरात, कुणी ओंजळीत, ओली-सुकी, लहान-मोठी अळंबी आणून दाखवू लागलं. मुलीनं यंत्राला आणखी एक उत्तर शिकवलं: "ठाऊक नाही." दर वेळी ती न पाहिलेल्या अळंबीवरच त्याची परीक्षा घेई.

पुढच्या पावसाळ्यात पाटलांनी एक अनोळखी, निळसर अळंबी यंत्रापुढे धरली. यंत्र म्हणालं,

"ठाऊक नाही."

पाटील खदखदून हसले. "एवढं मोकळेपणानं सांगणारा माणूससुद्धा आपल्या गावात सापडायचा नाही!"

त्यांनी ती अळंबी लांब फेकून दिली, आणि यंत्रानं निवडलेल्या अळंबीचं कालवण त्या दिवशी घरोघरी शिजलं.

तात्पर्य: जसे नमुने, तशी शिकवण, म्हणून शिकवणाऱ्यानं आधी आपली शिकवण पारखावी.