चेअरमनांच्या हातची जिलबी

साखर कारखान्याचे चेअरमन भगवंतराव लेकीच्या लग्नात स्वतः जिलबी वाढायला निघाले, तसे पंगतीतले त्यांचे कारकून सर्जेराव चुळबुळू लागले. तीन महिने भात-भाकरी सोडून त्यांनी शुगर आटोक्यात आणली होती. पण चेअरमनांना नाही कसं म्हणायचं? त्यात मेलं तोंडालाही पाणी सुटलेलं!

"आपल्याच कारखान्याची साखर आहे. पाच खाल्ल्याशिवाय उठायचं नाही!" भगवंतराव गरजले.

सर्जेरावांनी खिशातून शुगर तपासायची सुई काढून पत्रावळीशेजारी ठेवली.

"खातो की, साहेब. पण जिलबीमागं एकदा बोट टोचून बघावं लागतं. पाच जिलब्या मी खातो, टोचून तुम्ही घ्या. द्या बोट."

जिलबीसकट हात मागं गेला.

"अरे, सर्जेरावांना काकडी वाढा!"