हिरवळीला पडलेले टक्कल

एका जंगलाच्या कडेला, ओढ्यापासून थोडे वर, बोरीच्या जाळीखाली एक सशीण राहत असे. तिच्या बिळाच्या दारापासून थेट ओढ्यापर्यंत हरळीची हिरवळ उतरत गेली होती. मात्र मधोमध एक पांढुरकी, उघडी पट्टी होती. सशीण आणि तिची धाकटी बहीण लहानपणी तिथूनच पाण्यावर पळत, म्हणून तिथे गवताने कधी जीव धरलाच नाही. पुढे धाकटी ओढ्यापलीकडे लांब नांदायला गेली. सशिणीचा मागचा एक पाय अधू, तिला ओढा ओलांडता येत नसे. त्यामुळे आश्विनात पाणी उतरले की यायचे ते धाकटीनेच. तेवढ्या भेटीवर सशिणीचे उरलेले वर्ष निघे.

एकदा निघताना धाकटी हसत म्हणाली, "ताई, घर छान आहे तुझं, पण हिरवळीला टक्कल पडलंय बघ." मुलांनो, थट्टाच ती! पण सशिणीने मनाला लावून घेतली. पुढच्या खेपेला धाकटी बघतच राहिली पाहिजे, असे तिने ठरवले. पाऊस सुरू होताच तिने त्या पट्टीत हरळीच्या मुळ्या रोवल्या. पाऊस ओसरला तशी तिने पडलेली पाने वेचली, तण उपटले, शेंडे कुरतडून सारखे केले. हिरवळीवर पाय ठेवायची कुणाची बिशाद नव्हती. मुंगूस पाण्याला निघाले की ती दारातून सांगे, "मागून जा हो, मागून. कोवळं आहे ते." ओढ्यातला खेकडा एकदा ऊन खायला वर आला, त्यालाही तिने हाकलले. स्वतःसुद्धा ती बिळाच्या मागच्या तोंडाने ये-जा करी. "पहिला पाय धाकटीच ठेवील," असे ती स्वतःशी म्हणे आणि तेवढ्यानेच तिचे डोळे भरून येत.

आश्विन आला. तिथे कधी पट्टी होती हे सांगूनही कुणाला पटू नये, अशी हिरवळ जमून आली. ओढ्याचे पाणी उतरले, दगड उघडे पडले, तरी धाकटी येईना. सशीण रोज दारात बसे. खाली कुठे पान पडले की कान टवकारी, मग उठून ते पान तेवढे वेचून आणी. कार्तिक लागला तेव्हा मात्र तिला राहवेना. मागून वळसा घालून, लंगडत ती ओढ्यावर गेली आणि खेकड्याला म्हणाली, "माझी बहीण दिसली का हो कुठं?"

"आली होती की एक सशीण, भल्या पहाटे," खेकडा म्हणाला. "या दगडावर उभी राहून वर बघत होती. म्हणाली, वाट मोडलीय, गवत चढलंय, दारातही कुणी नाही, म्हणजे ताई आता इथं राहत नाही. मलाही विचारलं तिनं. पण मी काय सांगणार? तुम्ही हाकलल्यापासून मी वर फिरकलोच नाही. बराच वेळ रडली बिचारी, मग गेली."

इतके दिवस आपण धाकटीची वाट पाहत होतो आणि तिची वाट आपणच बुजवून ठेवली होती, हे सशिणीला तेव्हा कळले. घरी परतताना ती वळसा घालून गेली नाही. हिरवळीच्या मधोमध, लंगडा पाय ओढत, सरळ वर चढली. मग मुंगसाच्या दारात जाऊन म्हणाली, "उद्यापासून समोरूनच जा हो पाण्याला."

"कोवळं आहे ना, मावशी?" मुंगसाने विचारले.

"तुडवा," सशीण म्हणाली.

उन्हाळ्यापर्यंत पट्टी पुन्हा उघडी पडली. पावसात तिथे कोंब दिसला की सशीण आधी त्याच्यावर पाय देई. पण जिथे कुणी राहत नाही असे वाटते, तिथे धाकटी आता कशाला येईल? हा विचार आला की तिला घास जात नसे. मग ती उठे आणि पुन्हा एकदा ओढ्यापर्यंत जाऊन येई.

पुन्हा आश्विन आला, पाणी उतरले. एका संध्याकाळी वाटेच्या खालच्या टोकाला दोन कान दिसले. धाकटीला राहवले नव्हते. नुसते लांबून माहेर बघून परत जायचे, म्हणून ती आली होती. पांढरी पट्टी दिसली आणि ती धापा टाकत वर पळत आली. दारात ताई बसली होती. धाकटी म्हणाली, "ताई, टक्कल वाढलंय गं."

"वाढू दे," सशीण म्हणाली आणि तिने धाकटीला जवळ ओढले.

तात्पर्य : ज्याची वाट पाहायची, त्याची वाट बुजू देऊ नये.