पहिल्या तासाचं गिऱ्हाईक

"पदवी नाही, तर नोकरी नाही!" आबासाहेब थोरबोल्यांनी टेबलावर हात आपटला आणि केतकी उगारेचा अर्ज परत तिच्याकडे सरकवला.

आबासाहेब म्हणजे बोरवडीचं बडं प्रस्थ. गावातलं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांचं आणि सॉफ्टवेअरची कंपनीही त्यांचीच. केतकीच्या बापाची पिठाची गिरणी. बारावी झाल्यावर ती गल्ल्याशेजारी जुना कॉम्प्युटर मांडून प्रोग्रॅम लिहायला शिकली होती. बोरवडीत राहून हेच काम करायचं, एवढंच तिच्या मनात होतं आणि गावात अशी कंपनी एकच होती.

"पाच वर्षांनी कुठं असशील, सांग बघू," आबासाहेबांनी विचारलं. सकाळपासून सतरा पोरांनी या प्रश्नाला 'अमेरिका' असं उत्तर दिलं होतं.

"इथंच! तुमच्या इंजिनिअरांच्या चुका दुरुस्त करत."

मागे बसलेले आठ इंजिनिअर एकदम ताठ झाले. आबासाहेबांच्या मिशा मात्र जराशा हलल्या.

"लई बोलतीस! मग ऐक. कॉलेजचं टाइमटेबल कर. बेचाळीस प्राध्यापक हायेत. एकाचीबी तक्रार येता कामा नये. ह्या आठजणांना वर्षभरात जमलं न्हाई. तुला आठ दिवस. जमलं तर नोकरी. न्हाई जमलं तर कंपनीच्या फाटकात उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, 'पदवीबिगर समदं फुकट', आणि परत गिरणीवर!"

"चालतंय," केतकी म्हणाली.

प्राचार्य कुलथ्यांनी तिला प्राध्यापकांच्या मागण्यांचा गठ्ठा दिला. आठ इंजिनिअरांनी हा गठ्ठा यंत्रात भरला होता, वाचला कुणीच नव्हता. केतकीने सगळे बेचाळीस कागद वाचले. कुणाला शनिवार नको होता, कुणाला तिसरा मजला. एका सरांना खिडकीपाशी उभं राहिलं की शिंका यायच्या. हे सगळं जमण्यासारखं होतं. पण प्रत्येक कागदावर एक ओळ सारखीच होती: सकाळी आठचा पहिला तास नको.

तिने प्रोग्रॅम लिहिला. यंत्राने क्षणात उत्तर दिलं: जमत नाही. यंत्र तरी काय करणार? सहा वर्ग आठ वाजता भरायचे आणि शिकवायला एकही माणूस तयार नाही!

सात दिवस गेले. आठव्या दिवशी केतकी गिरणीवर गालाला हात लावून बसली होती. समोर दोन बायका हमरीतुमरीवर आल्या होत्या. नुकतीच बाजरी दळून झाली होती आणि बाजरीमागे आपला गहू टाकायला दोघीही तयार नव्हत्या, कारण पहिल्या पिठात बाजरी उतरते. बापाने नेहमीप्रमाणे घरच्या डब्यातला ओंजळभर गहू आधी जात्यात टाकला आणि भांडण मिटलं. नको असलेला पहिला नंबर मालकाने घ्यायचा, ही गिरणीची रीतच होती.

केतकी ताडकन उठली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. बेचाळीस प्राध्यापकांनी टाइमटेबल पाहिलं आणि बेचाळिसांनी 'तक्रार नाही' म्हणून सही केली. काहींनी तर खाली रेघ मारली!

आबासाहेबांनी चष्मा चढवला. "सोमवार, पहिला तास. सहाही वर्ग सभागृहात. शिकवणार..." ते थांबले. "आबासाहेब थोरबोले? मंगळवार, आबासाहेब. बुधवार, आबासाहेब! ही काय चेष्टा हाय?"

"चेष्टा कसली? प्राध्यापकांची तक्रार नको, असं तुम्हीच म्हणालात. मालकांना विचारायचं ठरलं नव्हतं."

"अगं, पण मी काय शिकवू? मी सातवीतनं शाळा सोडल्याला माणूस!"

गावाला हे ठाऊक होतं, पण खुद्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. प्राचार्य कुलथे छताकडे बघू लागले.

"आबासाहेब," केतकी हळूच म्हणाली, "सातवीवर कॉलेज चालतं, कंपनी चालते. मग बारावीवर त्या कंपनीत एक खुर्ची का चालत नाही?"

आबासाहेबांचा चेहरा लाल झाला, मग खर्रकन उतरला. "पोरी, मला शिकाय मिळालं न्हाई. म्हणून पदवी दिसली की माझा हात आपसूक जोडला जातो बघ."

केतकीला मनापासून वाईट वाटलं. "मग शिकवू नका, शिकायला बसा. रोज पहिल्या तासाला, एकेका वर्गात, पुढच्या बाकावर."

"आणि शिकवणार कोण?"

केतकी प्राध्यापकांकडे वळली. "मालक रोज ज्या तासाला समोर बसणार, तो तास कुणाला हवाय?"

बेचाळीस हात वर झाले! शिंका येणारे सर तर खिडकीत उभं राहून शिकवायलाही तयार झाले.

आबासाहेब हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि कुलथ्यांना पाठ चोळावी लागली. "जिंकलीस! उद्यापास्नं कंपनीत ये. ती पदवीची अट आजच काढून टाकतो."

"येते. पण दुपारी. सकाळी मलाही कॉलेजात बसू द्या."

"आता तुला कशाला पदवी?"

"यंत्र 'जमत नाही' म्हणालं, तेव्हा ते खरंच जमत नाही की माझंच चुकतंय, हे मला सात दिवस कळलं नाही. ते शोधायची रीत शिकायचीय."

"मंजूर! फी माफ. माझ्याच बाकावर बस." आबासाहेब पुढे झुकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "मात्र परीक्षेत मला जरा दाखवायचं हां!"

"छे! आठ दिवसांपूर्वी तुम्हीच अर्ज परत केलात ना? पदवी ज्याची त्यानंच आणायची!"

सगळ्या सभागृहाआधी आबासाहेबच खो खो हसले आणि त्यांनी खिशातलं सोन्याच्या टोपणाचं पेन काढून केतकीच्या हातात ठेवलं.