टेकडीला वैद्य हवा

एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडच्या टेकडीवर, ऐनाच्या उंच झाडावर एक वानर राहत असे. त्याचे काम मोठे मानाचे. बिबट्या दिसला की त्याने शेंड्यावरून ‘खॅक्! खॅक्!’ अशी हाक द्यायची आणि खालच्या साऱ्यांनी असेल तिथून बिळात, ढोलीत, जाळीत शिरायचे. तो दुसरी हाक देईपर्यंत कोणी कानसुद्धा बाहेर काढायचा नाही. या उपकारापोटी दर वर्षी मोहाची पहिली फुले त्याच्या झाडाखाली आणून ठेवण्याची रीत होती. खरे सांगायचे तर वानराला फुलांपेक्षा ती ठेवताना वाकलेल्या माना जास्त गोड लागत.

पण मुलांनो, बिबट्यापेक्षा मोठे संकट टेकडीवर वेगळेच होते. जंगलातले वैद्य अस्वल ओढ्यापलीकडे, सिंहाच्या दरबाराशेजारी बसत असे. पावसाळ्यात ओढा भरला की चार महिने पलीकडे जाणे बंद, आणि तापाची साथ यायची ती नेमकी त्याच चार महिन्यांत! मागच्या साथीत खारीची दोन पिल्ले गेली. खार रडली, खूप रडली आणि ओढा उतरताच दरबारात जाऊन उभी राहिली.

“महाराज, आमच्या टेकडीला एक वैद्य द्या.”

“घरोघरी विचारून ये, किती जण दगावले ते,” सिंह म्हणाला. “मग बघू.”

दुसरी एखादी असती तर ‘मग बघू’ ऐकून घरी बसली असती. खार बसली नाही. ती दारोदार फिरली आणि गेलेल्या प्रत्येक जिवामागे तिने एका वेलीला एक गाठ मारली. साळिंदराच्या दारी एक, सशिणीच्या दारी तीन. तेवीस गाठींची ती वेल तिने सिंहापुढे ठेवली. गाठी मोजून सिंह म्हणाला, “अस्वलाचा एकच शिष्य तयार झाला आहे. त्याला तुमच्याकडे बसवायचे की तळ्याकाठी, ते हत्ती दोन्हीकडे पाहणी करून ठरवील.”

ही बातमी टेकडीवर पोहोचली आणि त्या वर्षी मोहाची पहिली फुले खारीच्या जांभळीखाली जाऊन पडली.

वानराने वरून ते पाहिले. त्याच्या पोटात असे काही दुखू लागले की त्यावर वैद्य अस्वलाकडेही औषध नव्हते. “कानामागून आली आणि तिखट झाली!” तो दात खात म्हणाला. “मी जन्मभर उन्हातान्हात शेंड्यावर बसलो, आणि मान कोणाला? या मूठभर शेपटीला!” त्यात भर म्हणून त्याची वानरीच म्हणाली, “अहो, खारुताई येऊन गेल्या. आपल्या बाळाला जवळ घेतलं. किती गोड बोलतात!” त्या दिवशी वानराने कोवळ्या पानांनाही तोंड लावले नाही.

दुसऱ्या दिवशी खार स्वतः त्याच्याकडे आली. “वानरदादा, परवा हत्ती येणार आहेत. तुम्ही सगळ्यांना मैदानावर बोलवा. तुमच्या शब्दाबाहेर कोणी नाही.”

“आणि दरबारात बोलायला मी नको होतो वाटतं?”

“मी आधी तुमच्याकडेच आले होते, दादा. तुम्ही म्हणालात, ओढ्यात चिखल फार आहे.”

हे अगदी खरे होते, म्हणूनच वानराला ते जास्त झोंबले. “वैद्य आलाच, तर तो कोणी आणला म्हणतील?” त्याने विचारले.

खारीला प्रश्नच कळला नाही. “वैद्य आला म्हणतील,” ती म्हणाली आणि पुढच्या घरी निघून गेली.

पाहणीच्या दिवशी मैदान नुसते फुलले होते. म्हातारे, लंगडे, खोकणारे, पोटुश्या हरिणी, लेकुरवाळ्या सशिणी, सारे आले होते. मधल्या दगडावर चढून खार सांगत होती, “हत्ती आले की कोणी घाबरायचं नाही. आपलं दुखणं आपणच सांगायचं.” सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळलेल्या. पुढच्याच रांगेत बाळाला पोटाशी धरून वानरीही बसली होती. शेंड्याकडे कोणी म्हणजे कोणी पाहत नव्हते.

हत्ती वळणावर दिसला आणि वानराचा तोल सुटला. झाडावरचा नव्हे, मनाचा. “खॅक्! खॅक्!”

पापणी लवते न लवते तोच मैदान ओस पडले. दगडावर खार तेवढी हत्तीच्या वाटेकडे डोळे लावून उभी राहिली.

“वस्ती कुठे आहे?” हत्तीने विचारले.

“लपली आहे, महाराज. बिबट्याची हाक झाली.”

“मी त्याच वाटेने आलो. मला तर बिबट्या दिसला नाही.” हत्तीने सोंड वर केली. “काय रे वानरा, तुला दिसला का?”

अजूनही वेळ गेलेली नव्हती. दुसरी हाक दिली असती तर सारी टेकडी बाहेर आली असती. पण वानर आळस देत म्हणाला, “मला? माझा तर आत्ताच डोळा उघडला.”

“डोळ्यांना दिसेल तेच मी दरबारात सांगतो,” हत्ती खारीला म्हणाला आणि आल्या वाटेने परत गेला. मग वानराने दुसरी हाक दिली आणि ‘झोपेत बिबट्याचा भास झाला’ असे सर्वांना सांगितले. अस्वलाचा शिष्य तळ्याकाठी बसला. टेकडीवर सगळे हळहळले. वानरही सगळ्यांत मिसळून हळहळला, आणि आतून त्याला फार गार वाटले.

श्रावणात ओढा दुथडी भरला आणि तापाची साथ आली. यंदा ती आधी ऐनाच्या झाडावर चढली. वानराचे बाळ दोन दिवस फणफणले, तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडणे सोडले. वानर ओढ्याकाठी धावला, पाणी पाहून माघारी आला, पुन्हा धावला. खार गुळवेलीचा रस घेऊन आली. “मला एवढंच येतं, दादा,” ती म्हणाली. तेवढ्याने भागले नाही. संध्याकाळी बाळ गेले.

तेव्हा वानर म्हणाला, “बिबट्या नव्हता, भासही नव्हता. मी तुझ्यावर जळत होतो.”

“माझ्यावर जळायचं होतं ना? मग मला चावायचं होतंत!” खार रागाने ओरडली. “तो वैद्य माझा नव्हता हो, या लेकरांचा होता!” वानरीने तोंड फिरवून घेतले ते कायमचे.

ओढा उतरल्यावर खार पुन्हा दरबारात निघाली. तिच्या मागोमाग, चिखल तुडवत, वानरही गेला. साऱ्या दरबारासमोर त्याने आपला खोटेपणा कबूल केला. सिंहाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, पण अस्वलाचा दुसरा शिष्य तयार होताच टेकडीवर पाठवला.

पुढच्या साथीत वैद्याच्या दारी रांग लागली. आया तापलेली पिल्ले घेऊन येत आणि चार दिवसांनी तीच पिल्ले उड्या मारत घरी जात. वानर शेंड्यावर बसून ते बघत असे. हेवा त्याला अजूनही वाटे, पण खारीचा नाही. लेकराला परत घेऊन जाणाऱ्या त्या प्रत्येक आईचा.

तात्पर्य : सर्वांच्या भल्याचे काम कोणाच्या हातून होते याचा हेवा करू नये; ते काम मोडले, तर मोडणाऱ्याचे घरही त्यातून सुटत नाही.