पालथा फोन

एकदा एक आई आपल्या लहानग्या लेकीला घेऊन एका वृद्ध गुरूंच्या कार्यशाळेत आली. मुलीला सारे ऐकू येई, समजही चांगली होती. परंतु वाचा फुटलेली नव्हती. हे गुरू संगणकाची विद्या शिकवीत. त्यांच्या एका शिष्याने अशा मुलांसाठी एक अ‍ॅप रचले होते. चित्रावर बोट ठेवले की फोन त्या चित्राचे बोलणे बोलत असे. शिष्याच्या फोनवर ते सुरळीत चाले; आईच्या फोनवर मात्र उघडले की लगेच मिटून जाई.

दुसऱ्याच दिवशी मुलीला शाळेत न्यायचे होते. तिथल्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितले होते, "तिला काय हवं-नको ते तिनं कसंही करून सांगितलं पाहिजे. नाहीतर मी तिला घेणार नाही." तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"तारेनं संगणकाला जोडतो, ताई," शिष्य म्हणाला. "मग अ‍ॅप कुठं अडतं ते मला दिसेल."

फोन हाती येताच त्याने तो घडी केलेल्या फडक्यावर पालथा ठेवला. ती त्या कार्यशाळेची रीत होती. परक्याचा निरोप, परक्याचा फोटो आपल्या नजरेस पडू नये, म्हणून फोन कधी उताणा ठेवायचा नाही. आईला ते बरे वाटले. माणसाचे सगळे घरच हल्ली फोनमध्ये असते.

शिष्याने तार लावली. संगणकाच्या पडद्यावर जोडलेल्या फोनची नावे येतात, ती जागा कोरीच राहिली. त्याने तार काढून पुन्हा लावली. मग तारच बदलली. काही तारा नुसत्या चार्जिंगच्या असतात, असे पुटपुटला. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. जागा कोरीच.

"इथं तुमचा फोनच नाही!"

"नाही कसा? हा काय समोर पडलाय!"

"तुमच्या समोर आहे. संगणकाच्या समोर नाही." शिष्याच्या कपाळावरची शीर उठली होती. "पोरीनं आपटला असेल कुठंतरी."

"नाही हो आपटला."

"मुलं आपटतात आणि सांगत नाहीत."

हे ऐकले आणि आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सांगत नाही? अहो, तिला सांगता आलं असतं तर तुमच्या दारात झक मारायला आले असते का मी? घरात दूध उतू गेलं, हिनंच केलं. कप फुटला, हिनंच फोडला. हिला उलटून बोलता येत नाही ना! आता तुमचा संगणक आंधळा, तेही हिच्याच माथी मारा!"

"मग घेऊन जा तुमचा मुका फोन!" शिष्याने टेबलावर हात आपटला.

मुलीने दोन्ही कान झाकून घेतले. 'मुका' हा शब्द खोलीत तसाच लोंबकळत राहिला.

कोपऱ्यात बसलेले गुरू उठले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि संगणकाच्या पडद्यावर टाकले. पडदा झाकून गेला.

"गुरुजी, हे काय? उत्तर तिथंच तर दिसणार आहे!"

"मघापासून दिसलं का?"

शिष्याने नकारार्थी मान हलवली.

"मग तिथं बघू नकोस. तार काढून पुन्हा लाव. आणि फोन उताणा धर."

"पण आपली रीत..."

"धर म्हटलं ना."

शिष्याने दात-ओठ खात तार लावली. बघायला दुसरे काहीच उरले नव्हते, म्हणून त्याने फोनकडे बघितले. फोनचा पडदा उजळला होता. त्यावर एक प्रश्न होता. आईने मान वाकवून एकेक अक्षर वाचले, "या... संगणकाला... परवानगी... द्यायची का?"

"विचारतोय हो तो!" ती म्हणाली.

"मघापासून विचारतोय," गुरू म्हणाले. "प्रत्येक वेळी तार लावलीस, प्रत्येक वेळी त्यानं विचारलं, या परक्याला आत घेऊ का? घरच्यांनी होकार दिल्याशिवाय तो दार उघडत नाही. हा त्याचा बिघाड नव्हे, इमान आहे. तू तार बदललीस, संगणक बंद-चालू केलास, शेवटी लेकराला दोष दिलास. अरे, तोंड फडक्यात दाबून धरायचं आणि वर म्हणायचं, हा मुका!"

"रीत तुम्हीच घालून दिलीत, गुरुजी." शिष्याचा राग अजून उतरला नव्हता.

"मीच दिली. दुसऱ्याचं खासगी झाकावं म्हणून दिली. त्यानं आपल्यालाच विचारलेला प्रश्न झाकावा म्हणून नाही. राग आला की माणूस आपल्या प्रश्नाचं उत्तर मागत सुटतो. समोरच्यानंही काही विचारलं असेल, हे त्याच्या ध्यानातच येत नाही." त्यांनी फोन आईपुढे केला. "बाई, होकार तुम्ही द्यायचा."

आईने शिष्याकडे एक जळजळीत नजर टाकली. "संगणकाला देते. माणसाचं नंतर बघू." आणि तिने बोट ठेवले.

गुरूंनी उपरणे काढले. कोऱ्या जागी फोनचे नाव आले होते. दोष लहानसाच निघाला. त्या फोनमध्ये मराठी बोलणारा आवाजच भरलेला नव्हता. शिष्याने खाली मान घालून तो भरला, आणि फोन मुलीच्या हाती दिला.

मुलीने सगळी चित्रे नीट न्याहाळली. भाकरी होती, पाणी होते, झोपेची उशी होती. तिने त्यातल्या लाल चेहऱ्यावर बोट ठेवले.

"मला राग आला," फोन बोलला.

आई दचकली. ही पोर चावे, भांडी फेके, जमिनीवर लोळण घेई. सारे तिला हट्टी म्हणत, कधीकधी आईसुद्धा.

"कुणाचा, बाळा?" शिष्याने विचारले.

मुलीने बोट सरळ त्याच्याकडे रोखले, आणि पुन्हा चित्र दाबले. "मला राग आला."

"असं म्हणू नये गं..." आई बोलू लागली, आणि आपणच थांबली.

शिष्य तिच्यासमोर उकिडवा बसला. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "माझं चुकलं."

मुलीने त्याच्याकडे बघितले. मग तिने पाण्याचे चित्र दाबले, आणि शिष्य उठून माठाकडे गेला.